मावळ नक्की कुठून कुठपर्यंत?

माझी मावसबहीण गेली काही वर्षं कॅनडात, सस्कॅचवन प्रांतात राहते. मागच्या महिन्यात तिच्या लेकीला शाळेतून गृहपाठ आला: आपल्या प्रांताचा नकाशा काढा. पोरीने पट्टी घेतली, चार रेघा मारल्या आणि दीड मिनिटात नकाशा तयार! व्हिडिओ कॉलवर मला दाखवून म्हणाली, "मावशी, आता तुझा काढ." आई तिला सांगत असते ना, की आपण मूळचे मावळातले, म्हणून.

मी पीएचडी करते ती याच विषयावर. जुन्या प्रांतांच्या हद्दी कशा ठरत आणि लोकांच्या बोलण्यात त्या अजून कशा टिकून आहेत, हे मी शोधते. तरी मला तो नकाशा पटकन काढता आला नाही. पट्टी तर कामाचीच नव्हती. म्हणून ही पोस्ट.

आधी त्या चौकोनाबद्दल थोडं सांगते, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. सस्कॅचवन हा कॅनडाच्या प्रेअरीचा, म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदानाचा प्रांत. स्थापना १९०५. दक्षिणेची हद्द ४९ अंश अक्षवृत्त, उत्तरेची ६० अंश, पश्चिमेची ११० अंश रेखावृत्त. नदी नाही, डोंगर नाही, समुद्र नाही. कॅनडाच्या सगळ्या प्रांतांत एकही नैसर्गिक हद्द नसलेला हा एकटाच. प्रांताच्या आतली जमीनही तशीच कापलेली आहे. १८७१ साली तिथे सरकारी मोजणी सुरू झाली आणि सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन आखत मोजणीदार पश्चिमेकडे निघाले. प्रत्येक चौकोनाचे छत्तीस भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा चार. त्यातला एक पाव भाग म्हणजे १६० एकर. दहा डॉलर फी भरा, ठरलेली वर्षं तिथे राहून जमीन कसा, की ती तुमची. आपल्या हिशेबात ६,४०० गुंठे! हे वाचून लोणावळ्यात पाच गुंठ्यांचा प्लॉट शोधणाऱ्यांनी एक सुस्कारा सोडायला हरकत नाही.

आता इकडे या.

पुणे-लोणावळा लोकलमध्ये बसा आणि शक्य असेल तर खिडकी धरा. तळेगावपर्यंत शहराने पाठ सोडलेली नसते. वडगावपासून दोन्ही बाजूंच्या डोंगररांगा जवळ यायला लागतात. कान्ह्याला उतरून उत्तरेकडे टाकव्याच्या दिशेने गेलात की तुम्ही आंदर मावळात शिरता, आंद्रा नदीच्या खोऱ्यात. कामशेतला उतरून उत्तरेला वळलात तर नाणे मावळ, आणि दक्षिणेला डोंगर ओलांडून बेडशाच्या बाजूने खाली उतरलात तर पवन मावळ, पवना नदीचं खोरं. म्हणजे एकाच तालुक्यात तीन मावळं. गावच्या माणसाला विचारा, तुम्ही कुठले? तो "मावळ तालुका" असं क्वचितच म्हणेल. "आम्ही आंदर मावळातले" किंवा "पवन मावळातले" म्हणेल. मावळ शब्दाचा अनुभवातला अर्थ हा आहे: घाटमाथ्यावरून पूर्वेकडे वाहत येणाऱ्या एका नदीचं खोरं. हद्द कुठे? तर दोन्ही बाजूंच्या डोंगराच्या धारेवर. पावसाचं पाणी ज्या बाजूला घरंगळेल, त्या बाजूचे तुम्ही.

हे सूत्र एकदा लक्षात आलं की बारा मावळांची यादी पाठ करायला लागत नाही. मोसे खोरं मोशी नदीचं, कानद खोरं कानंदीचं, वेळवंड खोरं वेळवंडीचं, गुंजण मावळ गुंजवणीचं, मुठे खोरं मुठेचं. (याद्यांमध्ये थोडेफार फरक सापडतात, त्यावरून भांडू नये.) उत्तरेला जुन्नरच्या बाजूला गेलात की खोऱ्याला मावळ म्हणत नाहीत, नेर म्हणतात: भामनेर, भीमनेर, घोडनेर, मिन्नेर, कुकडनेर. भामा, भीमा, घोड, मीना, कुकडी. शब्द बदलला तरी रीत तीच, नदीचं नाव म्हणजेच मुलखाचं नाव.

"मावळ" शब्द आला कुठून, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. सूर्य मावळतो ती पश्चिमेची बाजू म्हणून मावळ, असं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ऐकायला गोड आहे, पण त्याच्या आधी कार्ल्याला जाऊन येऊ.

मळवली स्टेशनच्या उत्तरेला, वेहेरगावच्या डोंगरात कार्ल्याचं चैत्यगृह आहे. भारतातलं खडकात कोरलेलं सर्वात मोठं चैत्यगृह, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथे भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख कोरलेले आहेत. बरेचसे लेख दात्यांचे आहेत, अमुक गावच्या अमक्याने हा खांब दिला वगैरे. दात्यांमध्ये धेनुकाकट गावचे यवनही आहेत. पण एक लेख वेगळा आहे, तो सातवाहन राजवटीचा सरकारी हुकूम आहे. मामाड इथल्या अमात्याला, म्हणजे अधिकाऱ्याला, आज्ञा केली आहे की वालूरक लेण्यांतल्या महासांघिक भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजक गावातली जमीन त्यांना द्यावी, आणि त्या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरू नये. करजक कुठे आहे, हेही लिहिलं आहे: "मामालाहार" या विभागात, उत्तरमार्गावर.

आहार म्हणजे इथे जेवण नव्हे. सातवाहनांच्या काळात आहार हे एका प्रशासकीय विभागाचं नाव होतं, आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखं. आणि मामाल म्हणजेच मावळ, असं अभ्यासक मानतात. प्राकृतातल्या "म"चा मराठीत "व" होणं नेहमीचंच आहे. ग्रामचा गाव, नामचं नाव, तसंच हे. म्हणजे इ.स.च्या दुसऱ्या शतकात या मुलखाला हेच नाव होतं, त्याला स्वतंत्र अधिकारी होता आणि त्याच्यातून जाणारा रस्ता पत्ता सांगण्याइतका महत्त्वाचा होता. "मावळणे"वरून आलेली व्युत्पत्ती मला पटत नाही ती यामुळे. तिला आधी मामाल या जुन्या रूपाचा हिशेब द्यावा लागेल. सस्कॅचवन १९०५चा, मावळ निदान अठराशे वर्षांचा. गृहपाठाच्या वहीत हे मोठ्या अक्षरात लिहायला मी भाचीला सांगितलं आहे.

तो उत्तरमार्ग नेमका कोणता, यात शिरत नाही. पण मावळातून घाट उतरून कोकणात, तिथून बंदरात, ही वाट सगळ्या काळात चालू राहिलेली आहे. भाजे, कार्ले, बेडसे ही तिन्ही लेणी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, ती याच वाटेमुळे. वाट अजूनही दोन्ही बाजूंनी चालते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे आणि ते समुद्रकाठच्या कोळी-आगरी घरांचं कुलदैवत आहे. चैत्रातल्या यात्रेला पालख्या कोकणातून घाट चढून येतात. मासेमारी करणाऱ्यांची देवी डोंगरावर कशी, असा प्रश्न पडतो खरा. घाटमाथा ही दोन मुलखांमधली भिंत आहे असं आपण धरून चाललो की असे प्रश्न पडतात. इथल्या लोकांनी तिच्याकडे बहुधा उंबऱ्यासारखंच पाहिलेलं आहे.

आता जमिनीकडे. लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा कातळ तयार झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. घट्ट थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार होतो. घट्ट थरात लेणी कोरली, कड्यांवर किल्ले बांधले. मावळातलं गाव या पायऱ्यांवरच बसलेलं असतं. तळाशी नदीकाठी भाताची खाचरं. त्याच्या वर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा जागी गावठाण. त्याच्या वरच्या उतारावर वरकस जमीन, म्हणजे नाचणी-वरईची. त्याच्या वर गवताचा माळ आणि शेवटी दांड, डोंगराची धार. अनेक गावांची शीव अशी नदीपासून धारेपर्यंत उभी जाते, कारण एका गावाला जगायला या चारही गोष्टी लागतात. खाचरात भात पिकतो, पण रोपांच्या वाफ्यावर राब भाजायला पालापाचोळा, काटक्या आणि गवत लागतं, ते वरून येतं. बैलाला चारा वरून. जळण वरून. माळावर गवळी धनगरांची जनावरं, वरच्या अंगाला ठाकर, कातकरी आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. भात लावायला माणसं कमी पडली की इर्जिक घालायचं: आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, आणि दोन्हीकडे जेवण यजमानाचं.

पाऊस या मुलखात विचित्र पडतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या आसपास, आणि तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर पुण्यात जेमतेम साडेसातशे. पश्चिमेच्या गावात छत्री निरुपयोगी असते आणि पूर्वेच्या गावात शेतकरी ढगाकडे बघत असतो, एकाच तालुक्यात, एकाच दिवशी. भात पश्चिमेचा आणि मधल्या पट्ट्याचा. तुमच्या घरी शिजतो तो इंद्रायणी तांदूळ इथलाच. वडगावच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ साली प्रसारित झाला. नाव अर्थातच नदीचं.

अशा मुलखात सत्ता कशी चालवायची? प्रत्येक खोऱ्यात एक-दोन वाटा आत येणाऱ्या, बाकी तिन्हीकडे डोंगर. म्हणून प्रत्येक मावळाचा देशमुख वेगळा आणि बऱ्यापैकी स्वतंत्र. रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, मोसे खोऱ्यात पासलकर, गुंजण मावळात शिळीमकर. शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या राजकारणाचा मोठा भाग म्हणजे ही खोरी एकेक करून जोडणं. मावळा या शब्दाचा मूळ अर्थ मावळात राहणारा. सैनिक हा अर्थ त्याच्यावर नंतर चढला. पवन मावळाकडे पाहा: लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, एका नदीच्या खोऱ्याभोवती चार किल्ले. १६६५च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हे चारही होते. नुसते किल्ले गेले असं नाही, सगळं खोरं हातातून गेलं.

खोरं न समजणाऱ्याचं काय होतं, हे पाहायला १७७९चा जानेवारी आठवा. ईस्ट इंडिया कंपनीची फौज मुंबईहून बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. सोबत तोफा आणि हजारोंनी ओझ्याचे बैल. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. मागे सरत राहिले आणि जाताना वाटेवरचा चारा-धान्य जाळत गेले. कंपनीची फौज तळेगावात पोचली तेव्हा गावात खायला काही नव्हतं. माघारी फिरली, वडगावला वेढली गेली आणि तिथेच तह करावा लागला. त्याआधी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने मेला होता. शत्रूचा असूनही गडी शूर म्हणून लोकांनी त्याचं नाव "इष्टुर फाकडा" ठेवलं. वडगावला त्याची समाधी आहे.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत असतो म्हणून भरभर जाते. १८३०मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३मध्ये रेल्वे, २००२मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. लोणावळा आज जे आहे ते रेल्वेचं अपत्य. चिक्कीवर मी लिहिणार नाही.

त्याच इंग्रजांनी जमीनही मोजली. कॅनडात साखळी ६६ फुटांची, मुंबई इलाख्यात ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. पण इथे साखळी बांधावरून आणि शिवेवरून फिरली. होते ते तुकडे मोजले, आकार नवा दिला नाही. प्रेअरीत उलटं झालं. तिथेही आधीपासून माणसं राहत होतीच. तांबड्या नदीच्या काठचे मेटी लोक जमीन नदीपासून मागे जाणाऱ्या लांब, अरुंद पट्ट्यांत वाटून घेत: पुढे पाणी, मग शेत, मागे गवत. मावळातल्या गावासारखंच की! ११ ऑक्टोबर १८६९ रोजी मोजणीदार चौकोन आखत त्यांच्या गवताच्या जमिनीत आले, तेव्हा लुई रिएल आणि त्याचे साथीदार मोजणीच्या साखळीवर पाय देऊन उभे राहिले. मोजणी थांबली. पुढच्या वर्षी मॅनिटोबा प्रांत झाला आणि विनिपेग शहरातले कितीतरी रस्ते आजही त्या नदीपट्ट्यांच्या तिरक्या रेषांत जातात.

मावळात साखळीने फारसं बिघडवलं नाही. बिघडलं ते पाण्याने. किंवा पाण्याचं बिघडवलं, असं म्हणू.

घाटमाथ्यावर पडलेला पाऊस पूर्वेला वाहतो. इंद्रायणी, पवना, मग भीमा, कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. पश्चिमेला मात्र काही किलोमीटरवर सुमारे पाचशे मीटर खोल कोकण आहे. पाणी अडवून, धारेपलीकडे नेऊन तिकडे सोडलं तर त्या उंचीवर वीज तयार होते, हे टाटांच्या अभियंत्यांनी हेरलं. वळवण, लोणावळा, शिरवटा ही धरणं झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. १९२२मध्ये आंद्रेवर ठोकळवाडी धरण झालं, तिचं पाणी भिवपुरीला उतरलं. शेजारच्या मुळशीत तेच होऊ घातलं तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा. सेनापती बापट याच लढ्यातून सेनापती झाले. धरण व्हायचं ते झालंच.

अभियांत्रिकी म्हणून हे काम अचाट आहे आणि मुंबईच्या हवेत कोळशाचा धूर त्याने कमी झाला, हेही खरं. पण माझ्या विषयाच्या बाजूने पाहा. ज्या मुलखाची व्याख्याच "पाणी इकडे घरंगळतं" अशी आहे, त्याचं पाणी तिकडे फिरवलं. खोपोलीला यंत्रातून बाहेर पडलेल्या त्या पाण्यावर पाताळगंगा बारमाही वाहते, तिच्यावर कारखाने आणि वस्त्या जगतात. त्या पाण्याला मावळाचं पाणी आता कोण म्हणेल?

पवनेचं पाणी पूर्वेलाच राहिलं. १९७२मध्ये धरण झालं आणि पिंपरी-चिंचवड त्यावर वाढलं. धरणातून थेट बंद नळाने शहराला पाणी न्यायचं ठरलं, तेव्हा खोऱ्यातले शेतकरी म्हणाले, पाणी न्या पण नदीतून न्या. नदी वाहिली तर आमच्या विहिरी आणि शेतं जगतील. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. काम तेव्हा थांबलं. बातम्यांमध्ये हा "पाणीवाटपाचा वाद" म्हणून आला. मला वाटतं वाटप हा त्यातला अर्धाच भाग होता. नदी राहणार की नळ, हा उरलेला अर्धा. नळाला खोरं नसतं.

तर नकाशा. भाचीला शेवटी सांगितलं, पट्टी बाजूला ठेव. आधी डावीकडे वरपासून खालपर्यंत घाटाची वाकडीतिकडी धार काढ. तिथून उजवीकडे येणारे डोंगराचे दांड काढ, हाताच्या बोटांसारखे. बोटांच्या मधल्या जागांत निळ्या नद्या. प्रत्येक निळ्या रेघेवर तिचं नाव, तेच मावळाचं नाव. मग धरणं रंगवली. पाणी उजवीकडे जातं असा बाण ती काढायला लागली, तर मी म्हटलं, थांब, या तीन-चार धरणांचा बाण डावीकडे. तिने धारेकडे पाहिलं. "पण मध्ये डोंगर आहे ना?"

मी म्हटलं, डोंगरातून ठिपक्या-ठिपक्यांची रेघ काढ. बोगदा आहे.